‘मॅडम, हिच्या मेंदूचा एमआरआय करून घेऊ का?’

सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईने खुर्चीत टेकण्याआधीच हा प्रश्न विचारला. अ‍ॅनोरेक्सियासारख्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याचा आजार) खाण्याच्या विकारांत मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील जोडणी वेगळी असते, असे तिने मोबाईलवर वाचले होते आणि जोडणीच वेगळी म्हणजे हे आता जन्मभराचे, असा निष्कर्ष रात्रभर जागून काढला होता. वडिलांचे मत अगदी उलट होते. हा निव्वळ हट्ट आहे, दोन दिवस कोणी विचारले नाही की मुकाट्याने जेवेल, असे ते मुलीसमोरच म्हणाले. या दोन्ही समजुती माझ्याकडे इतक्या वेळा येतात की या कुटुंबाची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

सुरुवात नवरात्राच्या उपासांनी झाली होती. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असे चार नातेवाईक म्हणाले आणि दसरा उलटून गेला तरी उपास सुटले नाहीत. अकरा महिन्यांत वजन ५४ किलोंवरून ३९ किलोंवर आले आणि पाळी थांबली. अर्धी पोळी, तिचे नखाएवढे तुकडे, वरणावरचे तूप टिपकागदाने टिपून काढायचे, आणि एवढेसे जेवण तासभर चालायचे. याच मुलीने गणपतीत एकवीस मोदकांना एकसारख्या कळ्या पाडल्या, सगळ्यांना आग्रहाने वाढले आणि स्वतः सारणाची चवही घेतली नाही. वडिलांना हट्ट दिसला तो इथे.

मी प्रथम त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. नाडी मिनिटाला ४६ होती, त्यामुळे मुलीला रुग्णालयात दाखल करावे लागले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फरस झपाट्याने उतरून हृदयाला धोका पोहोचतो, म्हणून सुरुवातीचे दिवस रक्ततपासण्या करत, बेताने खाऊ घालावे लागते. ‘एकदा पोटभर जेवू घाला’ हा शेजाऱ्यांचा सल्ला अशा वेळी महागात पडू शकतो.

त्यानंतरच्या भेटीत आईवडिलांना मी मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगाविषयी सांगितले. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले आणि त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने उतरवले. ज्यांना पूर्वी स्वयंपाकघराशी देणेघेणे नव्हते, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातले अन्न चिवडत तासन्तास जेवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे ते मोदक…?” होय, ते मोदक म्हणजे उपाशी मेंदूचे वागणे होते.

मात्र त्या तरुणांना वजन वाढण्याची भीती नव्हती, हिला होती. हा फरक समजून घेताना मेंदूच्या जोडणीचा विषय खरोखर उपयोगी पडतो. सॅन दिएगो येथील गिडो फ्रँक यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाण्याचे विकार असलेल्या १९७ स्त्रियांना आणि तुलनेसाठी निरोगी स्त्रियांना स्कॅनरमध्ये साखरेचे पाणी चाखायला दिले होते. निरोगी स्त्रियांमध्ये भुकेशी संबंधित हायपोथॅलॅमसकडून, बक्षिसाची अपेक्षा हाताळणाऱ्या व्हेंट्रल स्ट्रायटमकडे प्रभाव जाताना दिसला. विकार असलेल्या स्त्रियांमध्ये ही दिशा उलटी होती. भुकेने खाण्याची ओढ निर्माण करावी, त्याऐवजी वरून आलेला हुकूम भुकेला गप्प करतो, असे मी ते आईला समजावले. मुलगी तोवर ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ती एकदम म्हणाली, “भूक लागते हो मॅडम. पण ती लागली की जिंकल्यासारखं वाटतं.” आपल्याकडे या आजाराला ‘क्षुधानाश’ म्हणतात, तो शब्द मला म्हणूनच पटत नाही.

मग एमआरआय का नको? कारण असे निष्कर्ष अनेकींच्या सरासरीतून निघतात; एका मुलीच्या स्कॅनवरून निदान करता येत नाही, की ती बरी होईल का हेही सांगता येत नाही. दृष्टीची तक्रार किंवा सततची डोकेदुखी असेल, तर डॉक्टर वेगळ्या कारणासाठी स्कॅन सांगतात, आणि तेव्हा तो जरूर करावा. शिवाय दिसलेला फरक जन्मजात किती आणि उपासमारीने घडवलेला किती, हे स्कॅनवरून कळत नाही. अनेक देशांतील अशा रुग्णांचे स्कॅन एकत्र करून २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासात मेंदूचे बाह्यावरण पातळ झालेले आढळले, पण ज्यांचे वजन काही प्रमाणात भरून आले होते त्यांच्यात हा फरक बराच कमी होता. आईला मी हेच पुन्हा पुन्हा सांगितले, कारण तिच्या ‘जन्मभराचे’ या शब्दाला त्यात उत्तर होते.

पुढचे काम लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित पद्धतीने केले. काय आणि किती खायचे हे काही काळ आईवडील ठरवतात, आणि वजन सावरत जाईल तसा तो अधिकार मुलीकडे परत जातो. पहिले दोन महिने घरात रोज भांडणे झाली. एकदा ताट भिंतीवर आपटले गेले, त्या रात्री आईने मला फोनवर विचारले, “मी दुष्ट झालेय का?” ती दुष्ट झाली नव्हती, पण दमली होती, म्हणून रात्रीचे जेवण वडिलांकडे सोपवले. हट्ट हा शब्द त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकला नाही.

सात महिन्यांनी वजन ४८ किलो आहे आणि पाळी परत सुरू झाली आहे. टिपकागद अजून जेवणाच्या टेबलावर असतो. आठवड्यातून दोनदा तरी तो तिच्या हातात दिसतो, असे आईने गेल्या भेटीत सांगितले, तेव्हा वडिलांनी तिला दुरुस्त केले: “या आठवड्यात एकदाच. मंगळवारी.”