अभ्यासिकेत संध्याकाळी वायफायवर काही फोनना आयपी अ‍ॅड्रेस का मिळत नाही? नवा राउटर घ्यावा का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा : सांगलीत विश्रामबागेतील आपल्या अभ्यासिकेत सकाळच्या मुलांचे वायफाय नीट चालते, संध्याकाळची मुले आली की काहींचे फोन ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ यावर अडकतात, लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, आणि राउटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरते काम भागते. राउटरमध्ये पत्त्यांची रेंज १९२.१६८.१.१०० ते १४९ आणि लीज टाइम (दिलेल्या पत्त्याची मुदत) २४ तास आहे, हेही आपण दिले आहे, आणि ते दिले म्हणूनच ठामपणे सांगता येते की राउटर बदलू नका. तो बिघडलेला नाही. त्याच्याजवळचे पत्ते संपत आहेत.

वायफायचा पासवर्ड बरोबर असला, तरी फोनला नेटवर्कवरचा स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, नसतो. तो डीएचसीपी या प्रोटोकॉलने, म्हणजे पत्ते वाटण्याच्या ठरलेल्या संवाद-पद्धतीने, मागून घ्यावा लागतो. फोन आपला पत्ता ०.०.०.० असा लिहून, २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांसाठीच्या पत्त्यावर ‘डिस्कव्हर’ संदेश सोडतो, कारण कोणाला विचारायचे हेही त्याला ठाऊक नसते. राउटर त्यावर एक मोकळा पत्ता देऊ करतो, हा ‘ऑफर’. फोन ‘रिक्वेस्ट’ पाठवून तोच पत्ता हवा असल्याचे कळवतो, आणि राउटरने ‘अ‍ॅक’ दिल्यावर व्यवहार पुरा होतो. त्याच उत्तरात सबनेट मास्क (आपले नेटवर्क कुठवर आहे ते सांगणारा आकडा), बाहेर जाण्याचा गेटवे, डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) आणि पत्ता किती वेळासाठी दिला आहे ती मुदत, म्हणजे लीज, हेही येते. हे सारे बहुधा क्षणार्धात उरकते. राउटरकडे मोकळा पत्ताच नसेल, तर मात्र ऑफर येत नाही. मग विंडोज लॅपटॉप १६९.२५४ मधला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. त्या पत्त्यावरून इंटरनेट चालत नाही.

आपली अडचण लीजमध्ये आहे. दुपारी घरी जाणारा विद्यार्थी पत्ता परत करत नाही. प्रोटोकॉलमध्ये ‘रिलीज’ नावाचा संदेश आहे. पण वायफायच्या टप्प्याबाहेर गेलेला फोन तो पाठवू शकत नाही, आणि तो फोन गेला की नुसता झोपला आहे हे राउटरला कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही. म्हणून राउटर मुदत संपेपर्यंत तो पत्ता राखून ठेवतो. टेबलावर वही ठेवून मुलगा घरी निघून जावा आणि खुर्ची दुसऱ्या दिवशीपर्यंत अडून राहावी, तसेच हे आहे. आपल्याकडे पत्ते ५०, आणि दिवसभरात येणाऱ्यांपैकी अनेकांजवळ फोन व लॅपटॉप दोन्ही; तेव्हा सकाळची बॅचच निम्म्याहून अधिक पत्ते अडवून ठेवत असणार.

राउटर बंद-चालू केल्याने गुण का येतो, हेही यावरून समजेल. घरगुती वापराचे पुष्कळ राउटर बंद झाले की कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतात आणि नव्याने वाटप सुरू करतात. हा उपाय मला मुळीच पसंत नाही, कारण आधीचा पत्ता धरून बसलेले उपकरण हॉलमध्येच असेल, तर एकच पत्ता दोघांकडे जाण्याचा धोका राहतो.

खात्रीसाठी संध्याकाळी राउटरमधील डीएचसीपी क्लायंट लिस्ट (कोणाला कोणता पत्ता दिला त्याची यादी) उघडा. पन्नासही नोंदी भरलेल्या आणि हॉलमध्ये त्या मानाने मुले कमी, असे दिसले की निदान पक्के. मग लीज टाइम २ तास करा. कमी मुदतीने मुलांचे इंटरनेट मध्येच तुटेल ही भीती नको : साधारणपणे निम्मी मुदत सरली की उपकरण स्वतःच राउटरकडे मुदतवाढ मागते, आणि ती नाही मिळाली तर सात-अष्टमांश मुदत झाल्यावर पुन्हा सर्वांना उद्देशून विचारते. वापरणाऱ्याला यातले काही जाणवत नाही. जोडीला रेंज १९२.१६८.१.२० ते २२० करा. त्याने २०१ पत्ते मिळतील, आणि प्रिंटर किंवा सीसीटीव्हीला कायमचे पत्ते द्यायला उरलेले राहतील. त्यांना आधीच असे पत्ते दिलेले असतील, तर ते नव्या रेंजमध्ये येत नाहीत ना, एवढे पाहून घ्या. जुन्या २४ तासांच्या लीज आपोआप संपेपर्यंत एक दिवस जाऊ द्या.

लिस्टमध्ये जागा असूनही फोन अडकत असतील, तर प्रश्न पत्त्यांचा नाही. तेव्हा वायफायचा सिग्नल आणि तो राउटर एका वेळी किती उपकरणे पेलतो, ते पाहावे लागेल. आणि एखाद्या लॅपटॉपला १९२.१६८.०. असा भलत्याच रेंजमधला पत्ता मिळालेला दिसला, तर कोणीतरी दुसरा राउटर जोडून त्याचेही डीएचसीपी चालू ठेवले आहे असे समजा. ते बंद करून त्या राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.