बोक्याची लघवी पुन्हा अडली आहे आणि हातात 9,000 रुपये आहेत

हर्णैच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. मन्या चार वर्षांचा बोका. पंधरवड्यापूर्वी त्याची लघवी अडली, खाजगी दवाखान्यात नळी घालून मोकळी केली आणि साठवलेले पैसे त्यात गेले. काल रात्रीपासून तो परत मातीत बसून कुंथतोय. डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेणं, रक्ततपासण्या आणि पुन्हा अडलं तर ऑपरेशन असा सगळा मिळून 38,000 रुपयांचा अंदाज दिलाय. मासेमारीची बंदी चालू आहे, यजमानांची बोट वर ओढलेली, घरात 9,000 आहेत. सासूबाई म्हणतात, बंदरावर सोडून ये, तिथे मासळीवर जगेल.

पहिलं तातडीचं. सकाळपासून मन्याची एकही नीट धार झालेली नसेल, नुसते थेंब पडत असतील किंवा तेही नसतील, तर बाकीचं नंतर वाचा. टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात फडकं घालून त्याला ठेवा आणि दापोलीला निघा, वाटेतून फोन करा. बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाकडे फार अरुंद असतो. तिथे चिकट द्रव आणि खड्यांची रेव अडकली की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडांचं काम थांबत जातं आणि रक्तात पोटॅशियम चढतं. वाढलेलं पोटॅशियम हृदय मंद करतं आणि शेवटी थांबवतं. पूर्ण अडल्यावर एक-दोन दिवसांतच प्रकृती गंभीर होते. उलट्या, अंग गार पडणं, एका जागी पडून राहणं ही उशीर झाल्याची चिन्हं आहेत. पोटाखाली कैरीसारखा कडक गोळा लागला तर तो दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

घरगुती उपायांबद्दल विचारलंत. आपल्याकडे मुतखड्याला पानफुटीचा रस देतात. मांजराला तो देऊ नका, पानफुटीत हृदयावर वाईट परिणाम करणारे घटक असतात आणि मन्याच्या हृदयावर आधीच ताण आहे. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. एरंडेल पाजून उपयोग नाही, कारण हे बद्धकोष्ठ नव्हे. कुंथताना बघून पुष्कळांना तसं वाटतं आणि त्यात दिवस जातो. आत्ता जबरदस्तीने पाणीही पाजू नका. बाहेर पडायला वाट नसताना आत भरून काय होणार?

आता पैशांचं, आणि मला खरं म्हणजे हेच सांगायचंय. दवाखान्यात गेल्या गेल्या, मन्याला टेबलावर ठेवण्याआधी, डॉक्टरांना आकडा सांगा. "डॉक्टर, माझ्याकडे 9,000 आहेत. त्यात याच्यासाठी जास्तीत जास्त काय करता येईल?" एवढंच, स्वच्छ शब्दांत. आपल्याकडची माणसं हे बोलायला लाजतात. अंदाज ऐकतात, "घरी विचारून सांगतो" म्हणतात आणि परत येत नाहीत. डॉक्टरांना वाटतं यांना उपचार करायचे नाहीत, इकडे घरात रात्रभर जनावर तळमळतं. डॉक्टर सहसा सगळ्यात चांगल्या उपचारांचा अंदाज देतात. त्याच्या खाली आणखी दोन-तीन पायऱ्या असतात, पण तुमचा आकडा कळल्याशिवाय त्या कोणी सांगत नाही. मी आजवर जितक्या मांजरांबरोबर दवाखान्यांत उभी राहिले, त्यात आकडा ऐकून डॉक्टरांनी तोंड फिरवलं असं क्वचितच झालंय. बहुतेकांनी कागद ओढून परत हिशोब मांडलाय.

तुमच्या 38,000 मध्ये बरीच वेगवेगळी कामं आहेत आणि सगळी आजच करायची नाहीत. गुंगी देऊन अडथळा काढणं आणि मूत्राशय धुणं, हे आज. शिरेतून सलाईन आणि दुखण्यावर औषध, हेही आज. रक्तात निदान क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतायत ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम एवढे दोन आकडे आज बघितलेले बरे, कारण पुढचं त्यांवर ठरतं. संपूर्ण तपासण्यांची यादी लागेलच असं नाही, आणि पुष्कळ डॉक्टर हे रक्त माणसांच्या पॅथॉलॉजीतच पाठवतात. पोटॅशियम वाढलं असेल तर हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट, ग्लुकोज अशी औषधं देतात, ती महाग नसतात. क्रिएटिनिन खूप वाढलेलं दिसलं म्हणून लगेच हाय खाऊ नका. अडथळा निघाल्यावर ते बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत उतरतं. खडा आहे का हे बघायला एक्स-रे उद्या-परवा चालतो. ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

तीन दिवस ठेवून घेण्याबद्दलही विचारा. नळी एक-दोन दिवस आत ठेवतात, कारण अडथळा निघाल्यावर लघवीचा लोंढा येतो, अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि लक्ष ठेवावं लागतं. हे झालेलं उत्तमच. पण ते परवडत नसेल तर दिवसा दवाखान्यात सलाईन आणि रात्री घरी, किंवा कातडीखाली सलाईन द्यायला शिकवा, असं म्हणता येतं. कातडीखाली सलाईन देणं अवघड नाही, हर्णैत एखादी नर्स ओळखीची असेल तर तीही तुमचा हात बसवून देईल. किती आणि किती वेळा ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

याहून कमी खर्चाची एक पद्धतही आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2010 मध्ये तिच्यावर अभ्यास छापला होता, नेमका अशा बोक्यांवर ज्यांचे मालक पैशांअभावी दयामरणाकडे वळले असते. नळी न घालता गुंगीची आणि दुखण्याची औषधं दिली, सुईने पोटातून मूत्राशय रिकामं केलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि बोक्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवलं. 15 पैकी 11 बोके स्वतःहून लघवी करू लागले. सुई टोचल्याने पोटात लघवी पाझरण्याचा धोका त्यात आहे, आणि रक्ताचे आकडे फार बिघडलेल्या बोक्यांसाठी ती नाही. नळीचा खर्च झेपत असेल तर नळीच घाला. पण "नाहीतर काहीच करता येणार नाही" अशी वेळ आली तर डॉक्टरांना या पद्धतीबद्दल जरूर विचारा.

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना विसरू नका. तिथे फी नाममात्र असते. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो, मांजराची नळी जवळ नसेलही. म्हणून फोनवर आधीच विचारा: बोक्याची लघवी अडली आहे, गुंगी देऊन नळी घालता येईल का? नळी नसेल तर नवजात बाळांना दूध पाजायची सगळ्यात बारीक नळी मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळते, कित्येक डॉक्टर तीच वापरतात. ते काम तिथे होत नसलं तरी सुईने मूत्राशय रिकामं करून पुढच्या दवाखान्यापर्यंतचे काही तास मिळू शकतात. आमच्याकडच्या एका बोक्याला असाच एका सरकारी डॉक्टरांनी वेळ मिळवून दिला होता, पडवीत, टॉर्चच्या उजेडात. 1962 हा फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गुरांसाठी आहे, तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशनची वेळ आलीच तर ते खाजगीतच करावं असं काही नाही. त्यात मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून तोंड रुंद करतात. त्याने अडण्याचा धोका खूप कमी होतो. मूत्राशयाची सूज मात्र त्याने थांबत नाही, आणि पुढे जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावं लागतं. मुंबईत परळला 1886 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट हे धर्मादाय प्राण्यांचं रुग्णालय. दुसरा पर्याय शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. शिकवण्याच्या दवाखान्यांत खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असतो, रांग मात्र असते. शिरवळला जायचं तर पावसात वरंध घाट भरवशाचा नाही, आंबेनळीतही दरडी येतात. रस्त्याची चौकशी करून निघा. आणि हे नीट लक्षात घ्या: अडलेल्या अवस्थेत एवढ्या लांब नेऊ नका. आधी इथे लघवी मोकळी करायची, मग प्रवास. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ताचे रिपोर्ट बरोबर ठेवा, नाहीतर त्याच तपासण्यांचे पैसे परत जातात.

उरलेली रक्कम कुठून आणायची? डॉक्टरांना हप्त्यांचं विचारा आणि पहिला हप्ता त्याच वेळी हातात द्या, त्याने बोलणं सोपं होतं. तुम्ही बचत गटात असाल तर अंतर्गत कर्जाची विनंती करा. मांजरासाठी कसं मागू, असा संकोच करू नका, परतफेड तर तुम्हीच करणार आहात. ओळखीच्यांकडून मदत मागताना बिलाचा फोटो टाका आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरायला सांगा. मदत मिळवून देतो म्हणून आधी फी मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. विमा आता काढून उपयोग नाही, आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत. आणि सावकाराकडे जाऊन किंवा मंगळसूत्र गहाण टाकून ऑपरेशन करू नका. बंदी 31 जुलैनंतर उठेल, पण पहिल्या फेऱ्यांचा पैसा डिझेल, बर्फ आणि जुनी देणी यांतच जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

तो घरी आला की पहिले काही दिवस सगळ्यात जोखमीचे, कारण पुन्हा अडतं ते बहुधा तेव्हाच. रोज धार बघा. पावसाळ्यात बाहेर सगळा चिखल, काही बोके ओल्यात बसत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. पडवीत घमेल्यात कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा ठेवा, रोज बदला. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. बंदीत घरात सुकी मासळी असते आणि मांजरालाही तीच पडते. त्याला ती देऊ नका, त्याच्या पोटात पाणी जायला हवं. ताजी मासळी किंवा कोंबडी बिनमिठाची उकडून, त्याच पाण्यासकट द्या. कायम नुसत्या मासळीवरही ठेवू नका. लघवीच्या आजाराचं खास खाणं महाग असतं. ते लागणारच असेल तर किती आठवडे, हे विचारून घ्या, कारण एका प्रकारचे खडे त्याने काही आठवड्यांत विरघळतात आणि दुसऱ्या प्रकारचे अजिबात नाही. तरुण बोक्यांत या आजारामागे जंतू क्वचित असतात, बऱ्याचदा ताणाने आलेली मूत्राशयाची सूज असते. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांवर दिवस काढले जात असतील तर "का?" असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. त्यांना दुष्ट समजू नका, ज्या घरात बंदीचे दोन महिने मोजून काढावे लागतात तिथे हा प्रश्न उठणारच. पण त्यांना एवढं समजावून सांगा की हा बोका बंदरावर मासळी खाऊन जगणार नाही. तो जाळ्यांच्या ढिगाखाली जाऊन बसेल आणि दोन-तीन दिवस असह्य वेदना सोसून मरेल. जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. "बघू काय होतं" म्हणून घरात ठेवणं याचाही शेवट तोच आहे.

म्हणून, पैसे खरंच उभे राहत नसतील, किंवा मोकळं करूनही तो परत परत अडत असेल आणि ऑपरेशन आवाक्यात नसेल, तर डॉक्टरांकडून दयामरण हा योग्य निर्णय आहे. मी हे फार विचार करून लिहितेय. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपला की भूल देणाऱ्या औषधाचा जास्त डोस. त्याला दुखत नाही, खर्च उपचारांच्या मानाने थोडा येतो आणि तुम्ही जवळ बसू शकता. असं करणारी माणसं मन्यावर कमी प्रेम करतात असं मला कधीही वाटणार नाही, आणि तुम्हाला तसं कोणी ऐकवलं तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

पण तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत. 9,000 मध्ये आज अडथळा काढणं, सलाईन आणि दोन तपासण्या बसतात का, हे आत्ता फोन करून विचारा, आधी सरकारी दवाखान्यात, मग त्याच खाजगी डॉक्टरांकडे. शेवटची नीट धार कधी झाली, उलटी झाली का, मागच्या वेळी नळी किती दिवस होती आणि मन्याचं वजन, या चार गोष्टी फोनवर सांगायला तयार ठेवा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडे आले की इथे लिहा, मी जागी आहे.