पहिल्यांदाच घराचं काम काढताय? कॉन्ट्रॅक्टर निवडताना एवढं बघा

घाबरू नका, सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळायच्या असतात. बाकीचे बारकावे काम सुरू झाल्यावर बोलू.

दर मागण्याआधी कामाची यादी लिहून काढा: काय तोडायचं, काय नवीन बसवायचं, माल कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार. तीच यादी किमान तिघांना द्या. नवखे लोक इथेच फसतात. तोंडी सांगतात, प्रत्येक जण आपल्या समजुतीने आकडा देतो, आणि मग सगळ्यात स्वस्त वाटलेल्याचं "हे त्यात धरलं नव्हतं" सुरू होतं.

नुसत्या फोटोंवर जाऊ नका. त्याने केलेलं वर्ष-दोन वर्षं जुनं काम प्रत्यक्ष बघा. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओता, ते जाळीकडे वाहतं का पाहा. फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं नाही. त्या घरमालकांना एक नक्की विचारा: शेवटची किरकोळ कामं करायला माणूस परत आला का? माझ्या मते माणूस या उत्तरावरूनच कळतो.

पैशांचं:
- ॲडव्हान्स कमीत कमी.
- हप्ते तारखेवर नाही, झालेल्या कामावर.
- शेवटचे ५ ते १० टक्के सगळी दुरुस्ती होईपर्यंत हातात ठेवा.
- वाढीव काम निघालं तर आधी लेखी दर.

आणि बाथरूमची फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर निदान २४ तास पाणी भरून ठेवायला लावा, खालच्या छताला ओल येते का बघा. तो घाई करेल, तुम्ही करू नका.