निवृत्त श्वानासाठी मुलीची एफडी मोडावी का?

नमस्कार,

तुम्ही पुणे पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात श्वान हस्तक आहात, वय 46. तुमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर पुढच्या महिन्यात सेवेतून निवृत्त होतोय आणि तुम्हाला त्याला धायरीच्या फ्लॅटवर आणायचंय. त्यासाठी मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेल्या 3 लाखांच्या एफडीतून 2 लाख काढावेत असा तुमचा विचार आहे, पण पत्नीचा त्याला ठाम नकार आहे.

माझं मत असं की त्याला घरी आणा, पण एफडीला हात लावू नका.

खर्च मांडून बघू. तीस किलोच्या कुत्र्याचं चांगलं खाणं महिन्याला 5,000 धरा. लसी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त यांची सरासरी 1,000. सांध्यांची औषधं या वयात बहुतेकदा लागतातच, त्यांचे 1,500. म्हणजे महिन्याला 7,500, वर्षाला 90,000. या हिशेबाने 2 लाख सव्वादोन वर्षांत संपतील, तेही मोठं आजारपण आलं नाही तर. मुलगी यंदा बारावीला आहे. ज्या वर्षी कॉलेजची फी भरायची, त्याच वर्षी ठेवीत जेमतेम 1 लाख उरलेले असतील. त्यामुळे वहिनींचा विरोध मला अगदी रास्त वाटतो.

पण ही जबाबदारी वीस वर्षांच्या गृहकर्जासारखी लांबत नाही. लॅब्रॅडोर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. तीन वर्षांची तयारी ठेवली तर बेरीज 2,70,000 होते. मुदत आणि रक्कम दोन्ही डोळ्यांसमोर असलेला खर्च पगारातून भागवता येतो.

गृहकर्ज आणि घरखर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला 10,000 उरतात, त्यातले 6,000 एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत, जातात. तीन वर्षांसाठी ही एसआयपी 2,500 वर आणा. बंद मात्र करू नका. महिन्याला सुटलेले 3,500 आणि आधीच शिल्लक राहणारे 4,000 मिळून खर्च भागतो. याची किंमतही सांगून ठेवतो: वार्षिक 10 टक्के परतावा धरला, तर 58 व्या वर्षी निवृत्त होताना हातात येणारी रक्कम साधारण साडेतीन लाखांनी कमी असेल. तुम्ही नोव्हेंबर 2005 च्या आधी भरती झालात, म्हणून जुनी पेन्शन आहे, जीपीएफही (सरकारी कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी) आहे. तुमच्या म्हातारपणाला हा धक्का सोसेल. पेन्शन नसलेल्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता, तर मी इतक्या सहज हो म्हटलं नसतं.

आजारपणासाठी वेगळी सोय हवी, कारण बहुतेक विमा कंपन्या या वयाच्या कुत्र्याला नवी पॉलिसी देत नाहीत. बचत खात्यात तुमचे 80,000 आहेत. घरच्यांच्या दवाखान्यासाठी पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचा आधार आहे, म्हणून त्यातले 30,000 त्याच्या नावाने वेगळे ठेवायला हरकत नाही. एखादी शस्त्रक्रिया याहून महाग निघाली, तर पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाकडे वळायचं नाही. डॉक्टरांशी बोलून त्याला त्रास होणार नाही एवढी काळजी घ्यायची. हे आज दोघांनी बसून ठरवा, कारण ऐन वेळी त्याच्याकडे बघून तुमच्याने नाही म्हणवणार नाही. आठ वर्षं संशयास्पद बॅगांपाशी तो तुमच्या पुढे चालत गेलाय, हे मी विसरलेलो नाही.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या मजल्याची, कारण लिफ्ट नाही. लॅब्रॅडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार बराच आढळतो. ताबा घेण्याआधी पथकाच्या पशुवैद्यकांकडून किंवा औंधच्या सरकारी पशुचिकित्सालयात खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. सांधे आत्ताच झिजले असतील, तर रोज दोनतीनदा तो जिना त्याच्यासाठी छळ ठरेल. मग भोरजवळ तुमच्या आईवडिलांचं बैठं घर आहे, तिथे त्याला ठेवा आणि सुटीच्या दिवशी जात जा. तळमजल्यावर भाड्याने जागा घेण्याचा विचार मात्र सोडा. त्या भाड्यापुढे वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

कागदही पक्के करा. सेवेतला श्वान ही सरकारी मालमत्ता, म्हणून ताबा लेखी आदेशानेच घ्या. पुढचा औषधोपचार कोणाच्या खर्चाने हे त्यात नमूद करून मागा, त्याच्या लसीकरणाची आणि आजारांची नोंदवहीही सोबत घ्या. रेबीजची लस झाल्याचा दाखला जोडून महापालिकेचा परवाना काढा. एसआयपी कमी करण्याचा अर्ज मात्र एक्स-रेचा निकाल हातात आल्यावरच द्या.