वीस मिनिटांतला ८४

प्रश्न : ताई, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. शाळेत वीस मिनिटांची चाचणी घेतली आणि बुद्ध्यांक ८४ सांगितला. ‘झेपत नाही, शाळा बदला,’ म्हणाले. घरी तो चुणचुणीत आहे. काय करू? – एक आई, वरळी

उत्तर : शाळा बदलायची घाई करू नका. आधी रिपोर्टवर चाचणीचं नाव बघा. वेक्सलर या मानसशास्त्रज्ञांच्या नावाची छोटी बुद्धिमापन चाचणी असेल तर तिचे भाग चार, पण वेळ कमी असला की दोनच घेतात : शब्दांचे अर्थ सांगणं आणि आकृत्यांचा क्रम ओळखणं. म्हणजे निम्मा भार शब्दांवर! घरी मराठी आणि चाचणी इंग्रजीत, तर तिथे त्याचं इंग्रजीच मोजलं गेलं असेल.

माझ्याकडे कोळीवाड्यातली एक मुलगी आली होती. इंग्रजी शब्दांना मान खाली, फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळत बसलेली. चाचणी संपल्यावर मी सहज विचारलं, ‘भरती म्हणजे काय गं?’ तर भरती, ओहोटी, अमावास्येचं उधाण, बाबा होडी कधी काढतात, सगळं हातवारे करून सांगितलं. यातलं काहीच तिच्या गुणांत नव्हतं.

या चाचण्यांत सरासरी १०० धरतात; साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. तुमचा मुलगा त्या काठावरच आहे. शिवाय चाचणीची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा घेतली तर गुण किती सारखे येतील ते, १ पैकी ०.९० असली, आणि ती चांगलीच म्हणायची, तरी ८४ चा अर्थ ७५ ते ९३ च्या दरम्यान कुठेतरी. हा पल्ला रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या.

छोटी चाचणी मीही वापरते. कोणत्या मुलाकडे आधी लक्ष द्यायचं ते तिनं लवकर कळतं. पण तेवढ्यावर मुलाची शाळा बदलायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

डोळे आणि कान तपासून घ्या. मग पूर्ण चाचणी करा, मराठीतून : नागपूरची मालिन यांची किंवा बिने-कामत. दोन्ही जुन्या आहेत, म्हणून आकड्यापेक्षा तो नेमका कुठे अडतो ते विचारा. वाचन-लेखनातही अडत असेल तर सायनच्या महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. जाताना त्याच्या वह्या न्या, लाल शेऱ्यांच्यासुद्धा.