फ्रेंच चित्रपट पाहताना झोप येते. सुरुवात नेमकी कुठून करावी?

'ब्रेथलेस'पासून सुरुवात केली, 'नुसती बडबड' वाटली आणि अर्ध्यात सोडला, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. यात तुमचं काही चुकलेलं नाही. १९६० चा तो चित्रपट म्हणजे दिग्दर्शक गोदारने आधीच्या सिनेमाशी मांडलेलं भांडण आहे. भांडण कशावरून चाललंय तेच ठाऊक नसेल, तर ऐकणाऱ्याला फक्त कलकलाट ऐकू येणार. गोदारला सध्या फळीवर ठेवा.

फ्रेंच सिनेमात शिरायला मला सगळ्यात सोपी वाटणारी वाट म्हणजे हातांनी काम करणारी माणसं. अवजारं कुठली, काम कसं पुढे सरकतंय, आणि पकडले गेले तर काय, एवढंच कळावं लागतं. भाषेची अडचणही कमी होते, कारण कामात गुंतलेली माणसं फारशी बोलत नाहीत.

पहिला पाहा 'रिफिफी' (१९५५). दिग्दर्शक ज्यूल्स डासँ हा मूळचा अमेरिकन. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेलं, म्हणजे तिथलं काम बंद झालं, त्यामुळे युरोपात आलेला. दोन तासांच्या या चित्रपटात मधोमध दागिन्यांच्या दुकानाची चोरी आहे. जवळपास अर्धा तास ना संवाद, ना पार्श्वसंगीत. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडायचं, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची, म्हणजे पडणारा चुरा छत्रीतच जमा होतो. धोक्याची घंटा मुकी करायला अग्निशामक नळकांड्यातला फेस. त्या अर्ध्या तासात फोन हातात घेतलात तर चित्रपट संपला म्हणून समजा. (चोरीनंतरचा भाग मला तितका पक्का वाटत नाही. नेहमीची टोळीयुद्धं आहेत.)

मग 'ल त्रू', म्हणजे 'भोक' (१९६०). माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोठा चित्रपट हाच. दिग्दर्शक जाक बेकेर चित्रीकरण पुरं करून प्रदर्शनाआधीच वारला. पॅरिसच्या सांते तुरुंगातून १९४७ साली पळून जाण्याचा जो प्रयत्न झाला, त्यावर तो आधारलेला आहे. त्या प्रयत्नातला एक खरा कैदी, जाँ केरोदी, यात कामही करतो. सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून बोलणारा तोच. कोठडीची काँक्रीटची जमीन फोडण्याचं दृश्य जवळपास चार मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये आहे. लोखंडी तुकडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, कॅमेरा मात्र खड्ड्यावरून हलत नाही. मध्ये कट नसल्यामुळे लबाडीला जागाच राहत नाही. दात घासायच्या ब्रशला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून बाहेरचा बोळ पाहायची युक्तीही नीट बघा. तिचा उपयोग पुढे कळेल.

तिसरा, दिग्दर्शक ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६). ल्याँच्या माँल्युक तुरुंगातून १९४३ साली निसटलेल्या आंद्रे दविनी यांच्या आठवणींवर आहे. माणूस पळाला, हे नावातच सांगून टाकलंय. राहतं ते 'कसा'. लोखंडी चमचा घासून पटाशी, खाटेच्या तारा आणि कापडाच्या पट्ट्या वळून दोर. इथे बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: 'नट अगदी ठोकळे आहेत.' ते नट नव्हेतच. ब्रेसाँ मुद्दाम नवखी माणसं घ्यायचा, आणि अभिनयाचा लवलेश गळून पडेपर्यंत तीच कृती पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. चेहऱ्यावर भाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. हात बघा आणि आवाज ऐका. पहारेकरी बहुतेक वेळा फक्त ऐकू येतो. म्हणून पंखा बंद करा किंवा हेडफोन लावा. चमच्याचं खरवडणं पंख्याच्या घरघरीत बुडालं, तर ताण उरतच नाही.

ब्रेसाँ रुचला तर त्याचाच सव्वा तासाचा 'पिकपॉकेट' (१९५९) लगेच बघून टाका.

आता पडद्याबद्दल, कारण अर्धा कंटाळा तिथूनच येतो. या जुन्या चित्रपटांची चौकट आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. 'झूम' करून पडदा भरलात, तर १.३७ मापाच्या (रुंदी उंचीच्या १.३७ पट) चित्रपटात वरखाली मिळून सुमारे २३ टक्के चित्र छाटलं जातं, आणि ब्रेसाँचे हात नेमके खालच्या कडेला असतात. टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' (मधल्या जागी टीव्हीने स्वतः बनवलेल्या फ्रेम घालणं) बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. उपशीर्षकं सुरुवातीला जुळतात आणि नंतर हळूहळू सरकत जातात का? मग 'डिले' (सगळी उपशीर्षकं सारखीच मागेपुढे करणं) बदलून उपयोग नाही. चित्रपट आणि उपशीर्षकं यांतलं एक सेकंदाला २४ फ्रेमचं आणि दुसरं २५ फ्रेमचं आहे. तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. प्लेअरमध्ये उपशीर्षकांचा वेग बदला किंवा दुसरी फाइल घ्या.

आणखी एक. इंग्रजी उपशीर्षकांत सगळीकडे 'यू' असतं, फ्रेंचमध्ये मात्र 'त्यु' आणि 'वू' वेगळे. आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही' उपजत कळतं, तेव्हा कान उघडे ठेवा. कोण कुणाला कधी एकेरीवर आलं, हे वाचून कळत नाही, ऐकून कळतं.

एवढं पचलं की शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' (१९७५) घ्या. २०१ मिनिटं, 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात पहिला. काम इथेही आहे, फक्त घरातलं: बटाटे सोलणं, अंथरूण आवरणं, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणं. पहिल्या दिवसाचा क्रम नीट लक्षात ठेवला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले यात एवढं काय, हे कळणार नाही. इथे पुढे ढकलून पाहणं म्हणजे रहस्यकथेतलं पान फाडणं. एका बैठकीत जमत नसेल तर चित्रपटातच 'पहिला दिवस संपला' अशी पाटी येते, तिथे थांबा. मध्येच, नायिका स्वयंपाकघरात असताना, थांबू नका.