पोट दाखवते आणि चावतेही

प्रश्न : आमची दीड वर्षाची मनी दुपारी माझ्या पायाशी लोळते, पोट वर करते. मी पोटावरून हात फिरवला की चार-पाच वेळा गप्प राहते आणि मग अचानक चावते, मागच्या पायांनी ओरबाडते. सासूबाई म्हणतात, मांजराची जातच खुनशी. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मनी खुनशी नाही. जनावरांची डॉक्टर म्हणून 22 वर्षं 'अचानक चावली' हे वाक्य ऐकतेय, पण खरोखर अचानक चावणारं मांजर मला क्वचितच भेटलंय. आधी ती सांगते, आपलं लक्ष नसतं.

पोट ही मांजराची सगळ्यात नाजूक जागा. ती उघडी टाकून मनी लोळते, म्हणजे तुमची तिला भीती वाटत नाही. एवढंच. 'इथे हात लाव' असं त्यात नसतं.

आता शेपटीकडे बघा. कुत्रं खुशीत शेपूट हलवतं, म्हणून मांजराचंही तसंच असेल असं आपण धरून चालतो. माझी चिंगी मांडीवर असते तेव्हा दोनदा पाठीवरून हात फिरवला तर डोळे मिटते. तिसऱ्यांदा शेपटीचं टोक, अगदी शेवटची दोन बोटं, टक टक हलायला लागतं. हात तिथेच थांबवायचा. नाही थांबवला तर पूर्ण शेपूट जमिनीवर आपटते, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तशी पाठ थरथरते, कान बाजूला पडतात. त्यानंतर दात लागले तर दोष तिचा नाही.

हात फिरवायचा तो गालांवर, हनुवटीखाली, कानांच्या पुढे. तिथे वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून ती स्वतःहून तो भाग आपल्याला घासते. मुलाला एक बोट पुढे धरून थांबायला शिकवा. यायचं की नाही ते मनी ठरवेल. डोळे सावकाश मिटून उघडायचा खेळही शिकवा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासलं होतं : माणसानं असं केलं की मांजरंही उलट डोळे मिचकावतात, अनोळखी माणसाच्याही जवळ यायला तयार होतात.

घुरघुरण्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेला एक बोका माझ्या टेबलावर मोठ्यानं घुरघुरत होता. घरचे म्हणाले, बरा आहे. एक्स-रेमध्ये कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. दुखतानाही मांजर घुरघुरतं. खाणं सोडून, अंग आखडून कोपऱ्यात बसलेलं मांजर घुरघुरत असलं तरी डॉक्टरकडे न्या. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. लघवी तुंबून जीव जातो.

चावल्यावर किंवा ओरखड्यानं रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनीला रेबीजची लस दिली आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. दिली नसेल तर याच आठवड्यात टोचून घ्या.